नववीला बीजगणित कोणत्या पद्धतीनं शिकवावं? आधी ताळा शिकवा

तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळला की नाही हे तुम्हालाही दिसेल. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तुम्ही या वर्षी नववीला गणित शिकवायला लागलात. दोन तुकड्या आहेत, एक मराठी माध्यमाची आणि एक सेमी इंग्रजीची, आणि प्रत्येकीत पंचावन्न-साठ मुलं. सूत्रं त्यांना तोंडपाठ आहेत, पण बहुपदी सुरू केल्यावर २क्ष + ३ चं उत्तर ५क्ष लिहितात. शाळेतले ज्येष्ठ शिक्षक म्हणतात, नियम पाठ करून घ्या आणि भरपूर उदाहरणं सोडवून घ्या. प्रशिक्षणात सांगितलं गेलं की कृती घ्या, जीवनाशी जोडा. यातलं बरोबर कोणतं, आणि पस्तीस मिनिटांच्या तासात जमणारं कोणतं, हे तुम्हाला हवंय.

(पुस्तकात एक्स आणि वाय असतात. मी इथे क्ष आणि य लिहिते, आमच्या वेळी तसंच होतं.)

मी २७ वर्षं आठवी ते दहावीला गणित शिकवलं. पहिली सहा-सात वर्षं मी तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या वाटेनं गेले. नंतर काही वर्षं कृती, खेळ, तक्ते यांच्या मागे लागले. दोन्ही काळातल्या उत्तरपत्रिका आठवल्या की एक गोष्ट लक्षात येते: चुका त्याच होत्या. म्हणजे गोंधळ पद्धतीच्या आधीच कुठेतरी होता. म्हणून मी वर्गाकडे बघताना आधी हे बघते, की मुलाला आपलं उत्तर बरोबर की चूक हे मला न विचारता ठरवता येतं का. अंकगणितात जुनी माणसं यालाच ताळा बघणं म्हणायची. भागाकार केला की भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी करून बघायचं. बीजगणितात आलं की हा ताळा कुठे गायब होतो कोण जाणे. मूल वही घेऊन टेबलापाशी येतं आणि विचारतं, "बाई, बरोबर आहे का?" हे विचारायची गरज ज्या शिकवण्यानं कमी होईल, ते शिकवणं चांगलं. मग तुम्ही ते फळ्यावर करा, नाहीतर पुठ्ठे कापून करा.

तुमच्या परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, ते आधी सांगते. तुमच्याकडे नववी आहे, म्हणजे अख्खं वर्ष आहे. हाच प्रश्न दहावीला डिसेंबरमध्ये विचारला असता तर माझं उत्तर वेगळं असतं. तिथे बीजगणिताचे ४० गुण समोर दिसत असतात, आणि मुळापासून बांधायला वेळ नसतो. वर्ग वीस मुलांचा असता तर मी अजून बऱ्याच गोष्टी सुचवल्या असत्या. साठांच्या वर्गात जे मला स्वतःला जमलं तेवढंच लिहिते.

पहिल्या आठवड्यात एक तास काढा आणि चार प्रश्न द्या. गुण नाहीत असं आधीच सांगा. पहिला: ८ + ४ = ▢ + ५, चौकटीत काय येईल? दुसरा: क्ष = ३ असेल तर ५ + २क्ष किती? तिसरा: ल + म + न = ल + प + न हे नेहमी खरं, कधीकधी खरं की कधीच खरं नाही? चौथा: एका शाळेत प्रत्येक शिक्षकामागे ३० मुलं आहेत. मुलांची संख्या म आणि शिक्षकांची संख्या श धरून समीकरण लिहा.

कागद घरी नेऊन तपासत बसू नका. शिक्षकखोलीत टेबलावर उत्तरांप्रमाणे गठ्ठे करा, अर्ध्या तासात होतं. पहिल्या प्रश्नाला १२ लिहिणाऱ्यांचा गठ्ठा जाड निघेल, काही जण १७ लिहितील. नववीत असं कसं, म्हणून दचकू नका. परदेशातल्या संशोधकांनी हाच प्रश्न प्राथमिकच्या मुलांना विचारला होता, तिथेही हीच दोन उत्तरं आली. या मुलांच्या लेखी '=' म्हणजे 'आता उत्तर लिही'. आठ वर्षं त्यांनी ते चिन्ह तसंच वापरलंय. वहीत १२ + ५ = १७ × २ = ३४ असं ओढत नेलेलं तुम्ही पाहिलंच असेल. अशा मुलाला समीकरण हे दोन समान गोष्टींबद्दलचं विधान आहे असं दिसणारच नाही. त्याला ती अर्धवट राहिलेली बेरीज वाटते. २क्ष + ३ चं ५क्ष का होतं, याचं निम्मं उत्तर इथे आहे. २क्ष + ३ हेच उत्तर असू शकतं हे त्याला पटत नाही, मध्ये अधिकचं चिन्ह दिसतंय म्हणजे अजून काहीतरी करायचं राहिलंय असं वाटतं.

दुसऱ्या प्रश्नाची चुकीची उत्तरं दोन प्रकारची येतील. २१ म्हणणाऱ्यानं ५ आणि २ आधी मिळवले. २८ म्हणणाऱ्यानं २ च्या शेजारी ३ चिकटवून २३ केले. या दोघांना एकच नियम सांगून भागणार नाही, कारण दुसऱ्याला २क्ष मधला न दिसणारा गुणाकारच माहीत नाही. तिसऱ्या प्रश्नाला 'कधीच नाही' म्हणणारा सांगतो की म आणि प वेगवेगळी अक्षरं आहेत, मग सारखी कशी होतील? त्याच्यासाठी अक्षर हे नाव आहे, संख्या नाही.

या अक्षराबद्दल मला जरा विस्तारानं लिहायचंय, कारण इथे मी स्वतः कितीतरी वर्षं चुकीचं शिकवलं. २अ + ३ब यांची बेरीज का होत नाही? मी सांगायचे, अ म्हणजे आंबे, ब म्हणजे बोरं, दोन आंबे आणि तीन बोरं मिळून पाच काय होणार? वर्ग खूश व्हायचा. विजातीय पदं त्या दिवसापुरती मिटायची. पुढे गुणाकार आला तेव्हा दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "बाई, अ गुणिले ब म्हणजे आंबे गुणिले बोरं का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती बरोबर विचार करत होती, चुकीची गोष्ट मी सांगितली होती. शिवाय चौथा प्रश्न नेमका याच चुकीमुळे बिघडतो. म म्हणजे 'मुलं' असं डोक्यात बसलं की 'एका शिक्षकामागे ३० मुलं' हे मूल ३०म = श असं लिहून मोकळं होतं. म ही मुलांची संख्या आहे असं धरलं तर म = ३०श येतं. अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना असाच प्रश्न विचारला होता, त्याचे निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. एक तृतीयांशाहून अधिक विद्यार्थ्यांचं समीकरण चुकलं होतं, आणि चुकलेल्यांपैकी बहुतेकांनी ते उलटं लिहिलं होतं. म्हणजे ही चूक हुशार-कच्चे बघत नाही.

आता मी अ म्हणजे 'एका आंब्याची रुपयांतली किंमत' असं सांगते. मग २अ + ३ब म्हणजे एकूण बिल. अ आणि ब माहीत नसताना ते याहून लहान करून लिहिता येत नाही, इतकंच. आणि उद्या आंबा आणि बोर दोन्ही एकाच भावानं मिळाले तर अ = ब होऊ शकतं, म्हणजे तिसरा प्रश्नही सुटला. फरक एका शब्दाचा आहे, पण तो वर्षभर जपावा लागतो. 'क्ष म्हणजे मुलगा' असं फळ्यावर कधीही लिहू नका. 'क्ष = मुलाचं आजचं वय, वर्षांत' असं पूर्ण लिहा, आणि मुलांकडूनही तसंच लिहून घ्या.

तुम्ही जळगावचे आहात म्हणून एक गोष्ट सांगाविशी वाटते. चाळीसगावजवळच्या पाटण्याला शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची नोंद त्यात आहे. भास्कराचार्य पहिल्या अज्ञात राशीला यावत्तावत् म्हणत, म्हणजे 'जितकी असेल तितकी', आणि पुढच्या राशींना रंगांची नावं देत: कालक, नीलक, पीतक. मी मुलांना हे सांगते आणि विचारते, 'जितकी असेल तितकी' ही वस्तू आहे की संख्या? क्ष या अक्षरापेक्षा तो जुना शब्द जास्त स्पष्ट बोलतो. सहल पाटणादेवीला जाणार असेल तर हे तिथे सांगा.

आता '=' चं काय करायचं ते. दोन आठवडे रोज तासाच्या सुरुवातीला सात-आठ मिनिटं फळ्यावर विधानं लिहा आणि खरं की खोटं एवढंच विचारा. ७ = ७. १५ = ८ + ७. ३७ + ४८ = ३८ + ४७. शेवटचं बेरीज न करता सांगायचं, हा नियम. कोणीतरी म्हणेल, इकडे एक वाढला, तिकडे एक कमी झाला, म्हणून खरं. त्या मुलाला पुढे बोलावून पुन्हा सांगायला लावा, कारण बीजगणिताची सुरुवात त्याच्या त्या वाक्यात आहे. मग लगेच ३७ + ४८ = क्ष + ५०. आकडेमोड न करता ३५ असं उत्तर देणारी मुलं चौथ्या दिवशी हात वर करू लागतात.

याच दिवसांत एक पूर्ण तास आगपेटीच्या काड्यांना द्या. काड्यांचा एक चौकोन करायचा, त्याला लागून दुसरा, मग तिसरा, अशी रांग. एका चौकोनाला ४ काड्या, दोघांना ७, तिघांना १०. दहा चौकोनांना किती? शंभरांना किती? शंभर मांडता येत नाहीत म्हणून विचार करावा लागतो. माझ्या वर्गात दर वर्षी तीन वेगवेगळे नियम येतात (न = चौकोनांची संख्या). एक गट म्हणतो, पहिल्याला ४ आणि पुढच्या प्रत्येकाला ३: ४ + ३(न − १). दुसरा म्हणतो, आधी एक उभी काडी ठेवली आणि मग प्रत्येक चौकोनासाठी ३ लावल्या: ३न + १. तिसरा आडव्या आणि उभ्या वेगळ्या मोजतो. वर न, खाली न, उभ्या न + १. तिन्ही नियम फळ्यावर शेजारी शेजारी लिहायचे आणि गप्प बसायचं. 'आमचंच बरोबर' अशी भांडणं होतात. मग मी म्हणते, न च्या जागी ६ ठेवून बघा. तिघांचंही १९. आता ठेवा ५०. तिघांचंही १५१. तीन वेगळ्या दिसणाऱ्या राशी प्रत्येक वेळी तीच संख्या देतात, म्हणजे त्या एकच असणार. मग कंस सोडवणं, सजातीय पदं एकत्र करणं हे का करायचं ते मुलांना आपसूक कळतं. ४ + ३(न − १) सोडवत गेलं की ३न + १ कसं होतं हे बघायला ती स्वतः पुढे येतात. नियम माझ्याकडून येण्याऐवजी त्यांच्या भांडणातून आला की तो टिकतो, हा माझा अनुभव आहे.

ज्यांना हे लवकर जमतं त्यांना मी रांगोळी देते. ठिपके एकपासून पाचपर्यंत वाढत आणि पुन्हा एकपर्यंत कमी होत गेले तर एकूण किती? २५. मधली ओळ न ठिपक्यांची असेल तर? नवर्ग, म्हणजे न चा वर्ग. का, ते कागद तिरका धरला की दिसतं. सात ते चारची रांगोळी, म्हणजे मधे ७ आणि दोन्हीकडे ४ पर्यंत उतरणारी, ३७ ठिपक्यांची होते. तिचा नियम शोधायला मुली आठवडाभर वहीच्या मागच्या पानांवर ठिपके काढत बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

मगाशी म्हटलं तो ताळा इथेच आला. दोन राशी समान आहेत का? किंमत ठेवून बघ. समीकरणाची उकल बरोबर आहे का? मूळ समीकरणात ठेवून दोन्ही बाजू बघ. (अ + ब) चा वर्ग म्हणजे अवर्ग + बवर्ग का? अ = ३, ब = २ ठेव. डावीकडे २५, उजवीकडे १३. चूक. तुम्हाला काही बोलावंच लागत नाही. पण यातली मर्यादाही मुलांना प्रामाणिकपणे सांगा. क्ष = २ ठेवलं तर २क्ष आणि क्षवर्ग दोन्ही ४ येतात, म्हणून ते सारखे होत नाहीत. किंमत ठेवून एकदा जुळलं नाही तर विधान चूकच. एकदा जुळलं तर मात्र अजून एक-दोन संख्या बघायच्या, आणि ०, १, २ सोडून बघायच्या. कायम खरं आहे हे सिद्ध करायला शेवटी नियमच लागतात. माझ्या मते नववीच्या मुलाला हा फरक कळणं हे एखाद्या प्रकरणापेक्षा मोठं आहे.

समीकरण सोडवताना 'इकडचं तिकडे नेलं की चिन्ह बदलतं' हे वाक्य निदान पहिला महिना वर्गात येऊ देऊ नका. मुलांना क्लासमध्ये ते आधीच मिळालेलं असतं, मला माहीत आहे. त्याचा परिणाम बघा: ३क्ष = १२, म्हणून क्ष = १२ − ३ = ९. ३ तिकडे गेला, चिन्ह बदललं, मुलानं नियम अगदी मनापासून पाळला. कोणी क्ष = −४ लिहितो, तोही त्याच नियमानं. म्हणून पहिला महिना प्रत्येक ओळीखाली दोन्ही बाजूंना काय केलं ते लिहायचं. २क्ष + ५ = १७, दोन्हीकडून ५ वजा, २क्ष = १२, दोन्हीकडे २ नं भाग, क्ष = ६. सोबत तराजूचं चित्र. बाजारात भाजी घेताना पारडी समान होताना या मुलांनी पाहिलेली असतात. महिन्याभरानंतर ज्यांना कंटाळा येतो ती मुलं मधली ओळ स्वतःच गाळू लागतात. गाळू द्या, कारण आता काय गाळलं ते त्यांना माहीत आहे.

तराजूही एका ठिकाणी थांबतो. क्ष + ७ = ३ आलं की पारड्यात काय ठेवणार? वजन ऋण नसतं. तिथे ओढूनताणून तराजू चालवू नका, जमा-उधारीच्या वहीकडे वळा. ब्रह्मगुप्तानं ६२८ साली धन आणि ऋण यांचे नियम लिहिले तेव्हा त्याचा अर्थ मालमत्ता आणि कर्ज असाच होता. आपल्याकडे शब्दच ते आहेत, पण मुलांच्या कानाला 'ऋण' हा नुसता गणिताचा शब्द झालाय. ऋण म्हणजे कर्ज, हे एकदा मोठ्यानं सांगा. ऋणाचा ऋणाशी गुणाकार धन का, यासाठी मी फक्त यादी वापरते: ३ × (−२) = −६, २ × (−२) = −४, १ × (−२) = −२, ० × (−२) = ०, आता पुढची ओळ काय असेल? बहुतेकांना तेवढं पुरतं.

बहुपदींच्या गुणाकाराला आणि अवयवांना मी पुठ्ठ्याचे तुकडे वापरते. जुन्या लग्नपत्रिका आणायला सांगते, त्यांचा कागद चांगला जाड असतो. एक मोठा चौरस म्हणजे क्षवर्ग, लांब पट्टी म्हणजे क्ष, छोटा चौरस म्हणजे १. इथे एक बारकावा आहे. छोट्या चौरसाची बाजू २ सेंटिमीटर असेल तर पट्टी ९ सेंटिमीटरची घ्या, ८ किंवा १० ची नको. नाहीतर मुलं 'क्ष म्हणजे ५ छोटे चौरस' असं मोजून टाकतात, आणि क्ष पुन्हा ठरलेली संख्या होतो. आता १ मोठा चौरस, ५ पट्ट्या, ६ छोटे घेऊन आयत बनवायचा. बनतो, बाजू क्ष + ३ आणि क्ष + २. अवयव पाडणं म्हणजे आयताच्या बाजू शोधणं. ५ पट्ट्या आणि ७ छोटे दिले तर आयत बनत नाही, तेही हातानं कळतं. (अ + ब) च्या वर्गात मधल्या दोन पट्ट्या विसरल्या तर चौरसाला दोन भोकं राहतात. ज्यानं ती भोकं पाहिली तो २अब सहसा विसरत नाही.

दहावीत पूर्ण वर्ग पद्धत येते तेव्हा हेच तुकडे पुन्हा काढा. नवव्या शतकात बगदादला अल्-ख्वारिझ्मीनं क्षवर्ग + १०क्ष = ३९ हे समीकरण असंच चित्रानं सोडवलं होतं. चौरसाच्या दोन बाजूंना पाच-पाच पट्ट्या लावल्या की कोपऱ्यात ५ गुणिले ५ ची जागा रिकामी राहते. ती २५ नं भरली की चौरस पूर्ण होतो, उजवीकडे ६४, म्हणून क्ष + ५ = ८, क्ष = ३. चित्र फक्त ३ दाखवतं. −१३ हे दुसरं मूळ चिन्हांतूनच सापडतं. तुकडे कुठे सोडून द्यायचे याची ही खूण. एक-दोन तासांनंतर त्यांचं फक्त चित्र काढायचं, मग चित्रही नाही. जी कृती महिनाभर चालते तिच्यात मुलांना कात्री आठवते, अवयव नाही. कृतींच्या मागे लागलेल्या माझ्या वर्षांत मी हीच चूक करत होते.

सरावाच्या बाबतीत मात्र तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचं मला पूर्ण पटतं. सराव हवाच, आणि भरपूर हवा. फक्त नुसती पन्नास उदाहरणं अंगावर टाकू नका. फळ्याच्या डाव्या अर्ध्यात एक पूर्ण सोडवलेलं उदाहरण, उजव्या अर्ध्यात तसंच एक मुलांनी सोडवायचं, अशा जोड्या द्या. पुढच्या जोडीत डावीकडची एक पायरी रिकामी ठेवा, मग दोन. ऑस्ट्रेलियात स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावरच प्रयोग करून दाखवलं होतं, की सुरुवातीला सोडवलेली उदाहरणं अभ्यासणारी मुलं नुसती उदाहरणं सोडवत बसणाऱ्यांपेक्षा लवकर शिकतात. कच्च्या मुलांच्या बाबतीत मला हे फार जाणवलं. त्यांची सगळी शक्ती 'पुढे काय' हे शोधण्यात जाते, 'का' कडे बघायला काही उरत नाही. आठवड्यातून एकदा चुकीचं सोडवलेलं उदाहरण द्या आणि कितव्या ओळीत घसरलं ते शोधायला सांगा. मुलांच्याच वहीतली चूक घ्या, नाव न सांगता. गृहपाठाच्या दहा उदाहरणांत सहा आजची आणि चार मागची असू द्या. सगळी एकाच प्रकारची असली की मूल उदाहरण न वाचताच हात चालवतं.

शाब्दिक उदाहरणांबद्दल तुमच्या दोन तुकड्यांत फरक दिसेल, तो समजून घ्या. मराठीत 'क्षमधून ५ वजा करा' या वाक्याचा क्रम आणि क्ष − ५ या राशीचा क्रम एकच आहे. सेमीच्या मुलाला इंग्रजीत 'फाइव्ह लेस दॅन एक्स' वाचावं लागतं. पाच आधी आले, म्हणून तो ५ − क्ष लिहितो. गणित त्याला येत असतं, वाक्य उलटं पडतं. सेमीच्या तुकडीत मी आधी ते वाक्य मराठीत सांगायला लावते, मग समीकरण. मराठी माध्यमाच्या मुलांची अडचण वेगळी: 'तिप्पट' आणि 'तीनने जास्त' यांत गल्लत, आणि 'तिपटीपेक्षा ४ ने कमी' एका दमात वाचल्यामुळे उडणारा गोंधळ. त्यावर माझा एकच उपाय आहे. समीकरण मांडायच्या आधी उत्तराचा एक अंदाज धरायचा आणि तो तपासायचा. 'वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या तिपटीपेक्षा ४ ने कमी आहे, दोघांच्या वयांची बेरीज ५६.' मुलगा १० वर्षांचा धरू. मग वडील ३ × १० − ४ = २६, बेरीज ३६. कमी पडली. २० धरू: वडील ५६, बेरीज ७६. जास्त झाली. आता १० च्या जागी क्ष लिहा आणि तीच आकडेमोड पुन्हा करा: क्ष + ३क्ष − ४ = ५६, क्ष = १५, वडील ४१. अंदाज तपासताना मुलानं जे केलं तेच समीकरण आहे, फक्त संख्येच्या जागी क्ष आला. रडकुंडीला येणारी मुलंही यानं मांडणीपर्यंत पोचतात.

अंकगणित कच्चं असलेल्यांचं काय, असंही तुम्ही विचारलंय. बीजगणित थांबवून पाढे आणि अपूर्णांक पुन्हा शिकवू नका. तसं केलं तर ती मुलं वर्षभर मागेच राहतात आणि त्यांना ते कळतं. सुरुवातीच्या त्या सात-आठ मिनिटांतच अपूर्णांक आणि ऋण संख्या पेरा. दहावीला वेळ कमी असेल तेव्हा मी रेषीय समीकरणं, वर्गसमीकरणं आणि अंकगणिती श्रेढी या तिन्हींत फक्त किंमत ठेवून तपासणं आणि सोडवलेल्या उदाहरणांच्या जोड्या एवढंच ठेवते. पुठ्ठे, रांगोळ्या सगळं बाजूला.

शेवटी गुणांचं. घटक चाचणी तुमच्या हातात असते. माझ्या चाचणीत समीकरणाच्या तीन गुणांपैकी एक ताळ्याचा असायचा. उत्तर चुकलं, पण मुलानं ताळा घेऊन 'जुळत नाही' असं लिहिलं, तरी तो एक गुण मिळायचा. पहिल्या वर्षी साठांपैकी चौघांनीच ताळा लिहिला. त्यांतल्या एकीचं उत्तर चुकलं होतं. तिनं खाली दोन्ही बाजू काढून, त्यांना गोल करून लिहिलं होतं, "जुळत नाही. तिसऱ्या ओळीत कंस सोडवताना चिन्ह चुकलं असेल. वेळ संपला." चूक तिसऱ्या ओळीतच होती. तो कागद मी नाव झाकून पुढच्या तासाला फळ्याशेजारी लावला. दुसऱ्या चाचणीत ताळा लिहिणारी मुलं एकतीस होती.